सतरा नंबरची फाइल

काजिहारा सेन्सेई आमच्या खोऱ्यातले गुरांचे डॉक्टर; आमच्याकडे जपानात डॉक्टरांना मानाने सेन्सेईच म्हणतात. वय एकोणसाठ. आसो डोंगराच्या कुरणांवर चरणाऱ्या तांबड्या गायींपैकी निम्म्या तरी त्यांच्या हातांवर जन्मल्या असतील. त्यातल्याच एकीने लाथ मारून त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी फोडली होती, आणि तेव्हापासून क्लच दाबताना ते कळ सोसत दात आवळायचे. त्यांची एक वीस वर्षांची दोन सीटांची उघडी गाडी होती, बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगाची. दिसायला देखणी, पण चढ आला की धापा टाकायची.

"दुधाचे ट्रकसुद्धा मला मागे टाकतात," जूनमध्ये आमच्या गॅरेजच्या दारात उभे राहून ते म्हणाले होते. "टाकेनात का! पण सगळे ओळखीचे. काच खाली करून विचारतात, सेन्सेई, धक्का मारू का?"

इवाओसान हसून हसून खोकायला लागले होते. मात्सुकुमा इवाओ हे गॅरेजचे मालक, त्रेसष्ट वर्षांचे, आणि मी त्यांची भागीदार, कावाझोए चिझुरु. एकोणीस वर्षं आमची वाटणी ठरलेली आहे. लोखंड त्यांचं, तारा माझ्या. ते इंजिन बसवतात, मी त्याच्या संगणकाला अक्कल शिकवते.

सेन्सेईंच्या गाडीत आम्ही तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. एका मोठ्या सेडान गाडीतून काढलेलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट, म्हणजे क्लचची कटकटच नको. चार महिने लागले. इवाओसाननी पुढची चौकट कापली, नवे आधार जोडले, रेडिएटर पुढे सरकवला. तरी ते इंजिन त्या बॉनेटखाली असं बसलं होतं, की बाजूला हात घालायलाही जागा उरली नव्हती.

माझं काम वेगळं होतं. असं इंजिन आपला संगणक बरोबर घेऊन येतं, आणि त्याला वाटत असतं की आपण अजून त्या जुन्या, मोठ्या गाडीतच आहोत. नव्या सुनेसारखं त्याला एकेक पटवून द्यावं लागतं. हे घर वेगळं आहे, इथे दारं दोनच, इथली चाकं लहान. सगळ्यात जास्त छळलं ते रेसच्या पेडलने. आताच्या गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये केबल नसते, नुसत्या तारा असतात. पेडलला दोन जिभा असतात म्हणा ना. दोघींनी एकच गोष्ट सांगितली तरच संगणक ऐकतो. दोघींत फरक पडला, की तो समजतो काहीतरी बिघडलंय, आणि गाडी बैलगाडीच्या वेगावर आणतो. या गाडीचं पेडल आणि त्या इंजिनाचा संगणक यांची भाषा जुळेना, त्यामुळे गाडी अंगणातून पुढे हलेचना. म्हणून सतरा नंबरच्या फाइलीत मी संगणकाला सांगितलं, फक्त पहिल्या जिभेचं ऐक, दुसरीकडे लक्ष देऊ नकोस. ब्रेक दाबला की इंजिनाने गप्प बसायचं, हा नियमही मी त्या फाइलीत बंद केला होता, कारण ब्रेकची तार तेव्हा जोडलेलीच नव्हती. ही फाइल अंगणात गाडी पुढेमागे करण्यापुरती होती. अठरामध्ये भाषा जुळवली, एकोणीसमध्ये सगळी राखण परत चालू केली. सरकारी तपासणी एकोणीसवर झाली. कागदपत्रं मिळाली. सेन्सेई गाडी घेऊन गेले.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पाचला ते परत आले. सिग्नलवरून सुटताना गाडी हिसका मारते म्हणाले. कुठल्यातरी गोठ्यात गाय अडली होती, त्यामुळे ते गाडीत बसलेच नाहीत, बाजूला उभे राहून सारखे घड्याळ बघत होते. मी फाइल उघडली, दोन आकडे बदलले, संगणकात भरली. हिसका गेला. "वा! उद्या आईला युफुइनला नेतो, मावशीकडे, बाराच्या जेवणाला," म्हणत ते गेलेसुद्धा.

शनिवारी सकाळी नऊ वीसला मी आदल्या दिवसाची नोंद लिहायला लॅपटॉप उघडला. कामाच्या नोंदीत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: फाइल सतरा.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग फोल्डर उघडून बघितलं. एकोणीस जशीच्या तशी होती, दोन आठवड्यांपूर्वीची तारीख. बदललेली होती ती सतरा. घाईत मी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. मी फोन उचलला नाही. मी उठले, कॉफी केली. मनाशी म्हटलं, पेडल चांगलं आहे, तारा नव्या आहेत, पहिली जीभ खोटं बोलली तरच धोका, आणि ती कशाला खोटं बोलेल? सोमवारी त्यांना काहीतरी कारण काढून बोलवावं, गुपचूप एकोणीस भरावी, कुणाला कळायचं नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक झाली नव्हती. ती कबूल करण्याची मला इतकी भीती वाटली, की कॉफी थंड होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. पंधरा मिनिटं. मी नंतर मोजली.

इवाओसान आत आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय गं, भूत पाहिलंस?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर धीर देतील. त्यांनी हातातला पाना बाकावर ठेवला, पण नीट न ठेवल्याने तो खाली पडला, तरी त्यांनी तो उचलला नाही.

"दुसरी जीभ बंद आहे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तार बिघडली तर संगणकाला कळणार नाही?"

"नाही कळणार."

"चिझुरु, पेडलच्या तारांची जुडी एक्झॉस्टच्या पाइपापासून दोन बोटांवरून जाते. दुसरीकडून न्यायला जागाच नव्हती. मध्ये पत्र्याचा आडोसा लावायचा होता. कापून ठेवलाय. तिथे बघ, खिळ्याला अडकवलाय. पहिल्या सर्व्हिसला लावू म्हटलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझा संगणक आहे ना, म्हटलं. तार वितळलीच तर तो गाडी हळू करेल." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. हाताचं काळं कपाळाला लागलं. "तुझ्या भरवशावर राहिलो."

आणि मी त्यांच्या भरवशावर होते. तारा नव्या आहेत, म्हणत होते.

नऊ सदतीसला मी सेन्सेईंना पहिला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांच्या घरी लावला, तिथेही कुणी उचलेना. तोवर इवाओसाननी गॅरेजचा छोटा टेम्पो बाहेर काढला होता. मी लॅपटॉप आणि वायर उचलली आणि पळत जाऊन बसले.

युफुइनला जायचा रस्ता एकच. आधी खोऱ्याच्या कड्यावर चढायचं, मग गवताचं पठार, मग माकिनोतोची खिंड, आणि तिथून पलीकडे वळणावळणाचा उतार. टेम्पो चढाला लागला आणि रडायला लागला. इवाओसान पुढे वाकून बसले होते, जसं काही त्यामुळे तो जास्त पळेल.

"चढावर पाइप लाल होईल," मी म्हणाले.

"चढावर काही व्हायचं नाही. चालत्या गाडीला वारा लागतो." त्यांनी गिअर बदलला. "थांबली की खरी भट्टी पेटते. वारा बंद, पंखा एवढासा, आणि सगळी आग बॉनेटखाली कोंडलेली. दहा मिनिटं उभी राहिली तरी तार मऊ होईल."

"ते थांबणार नाहीत. आईला बारापर्यंत पोचवायचंय."

आम्हां दोघांनाही माहीत होतं. माकिनोतोला सगळेच थांबतात. तिथे चहा मिळतो, कणीस मिळतं, लोक फोटो काढतात.

मी पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. पठारावर रेंज येई आणि जाई. दोन्ही बाजूंना गवताचे चंदेरी तुरे वाऱ्यावर लोळत होते, शनिवार असल्याने मोटरसायकलवाले रांगेने चालले होते, एका वळणावर एक कुटुंब चटई अंथरून डबे उघडत होतं. मला त्या हिरव्या गाडीशिवाय काही दिसत नव्हतं, आणि ती तर दिसतच नव्हती. पोलिसांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, गाडीचा नंबर दोनदा विचारला, माणूस पाठवतो म्हणाले. पण तो कुठून येणार आणि केव्हा?

"ती गाडी बंद कशी करायची हे त्यांना माहीत आहे का?" इवाओसाननी विचारलं.

चावी आम्ही काढून टाकली होती. इंजिनाबरोबर त्याचं चालू-बंदचं बटण आलं होतं. चालत्या गाडीत ते नुसतं दाबून चालत नाही, तीन सेकंद दाबून धरावं लागतं. हे मी सेन्सेईंना सांगितलं नव्हतं. कोण सांगतं?

"ब्रेक?" मी म्हणाले.

"रेस पूर्ण उघडी असली तर ब्रेकला जोर मिळत नाही. एकदा दाबशील, दोनदा दाबशील. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं होतं." मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "गिअर न्यूट्रलला टाकला की झालं. एवढंच करायचंय. एक खटका पुढे."

एवढंच. पण घाबरलेला माणूस पायांनी विचार करतो. तो ब्रेक दाबत राहतो.

दहा तेहतीसला मला सुचलं, की खिंडीतल्या चहाच्या दुकानाला फोन करावा. एका बाईने उचलला. मागे कपबशांचा आवाज.

"हिरवी उघडी गाडी? एक आजी आणि पांढऱ्या केसांचे गृहस्थ? हो हो, वीस मिनिटं झाली असतील, आरामात बसले होते. आजींनी कणीस अर्धं टाकलं, गार झालं म्हणाल्या. आत्ताच निघाले."

"आत्ता म्हणजे कधी?"

"अहो, हे काय, बाहेर पडतायत. तो आवाज ऐकला नाहीत?"

"थांबवा त्यांना! पळा! कृपा करून पळा!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. लाकडी चपलांची टपटप. मग बराच वेळ काही नाही. मग ती धापा टाकत आली. "गेले हो. हात केला मी. त्यांनीही हात केला."

मी फोन कापला आणि सेन्सेईंचा नंबर पुन्हा लावला. किती वेळा लावला होता ते आठवत नाही. या वेळी कुणीतरी उचलला.

"हॅलो? कोण?" म्हातारा आवाज, आणि त्याच्याभोवती वारा. सेन्सेईंच्या आई, तोमिए आजी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या.

"आजी, मी चिझुरु. गॅरेजची. सेन्सेईंना सांगा, गाडी थांबवा. लगेच."

"काय? ऐकू येत नाही गं. आमच्या योशिने छप्पर उघडं ठेवलंय. माझी टोपी उडायला आलीय. हा फोन पिशवीत होता मागे, आत्ता फोटोसाठी काढला."

"गाडी थांबवा!" मी ओरडले. "थांबवा म्हणावं!"

"योशि, ती गॅरेजवाली मुलगी म्हणते, गाडी थांबव." मागून सेन्सेईंचा आवाज आला, काय म्हणाले ते कळलं नाही. आजी पुन्हा फोनवर आल्या. "पुढच्या वळणापाशी जागा आहे, तिथे घेतो म्हणतोय. काय झालं विचारतोय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो आवाज ऐकला.

तो आवाज मी चांगला ओळखते. तीन लिटरचं इंजिन पूर्ण उघडलं की आधी घोगरं होतं आणि मग किंचाळत वर चढतं. तो आवाज आम्हीच त्याला दिला होता, अंगणात उभं राहून ऐकला होता, खूश झालो होतो. आता तो माझ्या कानात चढत होता, थांबत नव्हता, आणि त्याच्या वर सेन्सेई ओरडत होते. "थांबत नाही! आई, धर! थांबत नाही!"

"आजी!" मला माझाच आवाज ओळखू येईना. "तुमच्या उजव्या हाताला दांडा आहे! दोघांच्या मध्ये! तो पुढे ढकला!"

"काय?"

"दांडा! काळा! वर गोळा आहे!"

"त्याला हात लावायचा नाही, योशिने सांगितलंय!"

"लावा! ती गाडी मी बनवलीय, मी सांगते, लावा! पुढे ढकला! जोरात!"

टायरांचा किंकाळीसारखा आवाज आला. काहीतरी आदळलं. मग इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं आणखी वर गेलं, आणि तिथेच अडकून घरघर, घरघर, घरघर करत राहिलं. म्हणजे गिअर सुटला होता. आजींनी ढकलला होता. मला ते कळलं, आणि मी "ब्रेक! दोन्ही पायांनी ब्रेक!" म्हणून ओरडत होते, तेवढ्यात फोन बंद पडला.

पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. "आपण डायल केलेला नंबर," म्हणून ती मुलगी गोड आवाजात बोलायला लागली.

इवाओसाननी सगळं ऐकलं होतं. टेम्पोच्या स्टिअरिंगवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. खिंडीपर्यंत चौदा मिनिटं लागली. त्या चौदा मिनिटांत मी काय विचार करत होते, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते, की मी आजींसाठी प्रार्थना केली आणि तिच्यातच मध्येमध्ये स्वतःसाठीही करत होते, आणि मला ते कळत होतं.

चहावाली बाई रस्त्यावर उभी होती. तिने नुसताच उताराकडे हात दाखवला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर डांबरावर काळे पट्टे होते, लांबच लांब, आणि ते सरळ वळणाबाहेर गेले होते.

तिथे कठडा नव्हता. कठड्याच्या जागी कुरणाचं तारेचं कुंपण होतं, एक खांब मोडून पडलेला, आणि पलीकडे माणूसभर उंचीच्या गवतात एक गल्ली पडली होती. तिच्या टोकाला हिरवी गाडी होती. नाक एका चरात, मागचं चाक हवेत. इंजिन बंद पडलं होतं.

मी टेम्पो थांबायच्या आधीच उडी मारली आणि पडले. उठून पळाले. गवताची पाती हाताला कापत होती.

सेन्सेई जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, दुखऱ्या गुडघ्यासकट. समोर आजी बसलेल्या. सेन्सेईंनी आपला उजवा हात छातीशी धरला होता, मनगट सुजून निळं पडलं होतं. डाव्या हाताने ते आईच्या गळ्याचं हाड चाचपत होते, बोटांनी दाबून, एकेक इंच.

"इथे दुखतं? इथे?"

"दुखतंय रे सगळीकडेच. मी काय गाय आहे का?" आजी म्हणाल्या. मग त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा पांढराफटक होता, ओठ थरथरत होते. "तू का ती फोनवाली?"

मी मान हलवली. मी तिथेच गवतात बसले आणि रडू लागले. आजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी सगळं सांगितलं. फाइल सांगितली, ब्रेकचा नियम सांगितला. इवाओसाननी तारांची जुडी आणि न लावलेला पत्रा सांगितला. ते माफी मागत कमरेत वाकून उभे होते, डोकं खाली, आणि तसेच राहिले. सेन्सेई ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुला केव्हा कळलं?"

मी नऊ सदतीस म्हणू शकले असते. फोनमध्ये तीच वेळ होती.

"नऊ वीसला," मी म्हणाले. "मग मी पंधरा मिनिटं बसून राहिले. मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्हाला सांगायची."

"आम्ही साडेनऊला निघालो," ते म्हणाले. "तोपर्यंत फोन माझ्या खिशात होता."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग ते आईकडे वळले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसले.

आजींच्या गळ्याचं हाड सीटच्या पट्ट्याने चिरलं होतं, दोन फासळ्याही. सेन्सेईंचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर, गायी विण्याच्या दिवसांत, पलीकडच्या खोऱ्यातले डॉक्टर येऊन त्यांचं काम करत होते. आम्ही गाडी उचलून आणली, पोलिसांना सगळं लिहून दिलं, सही केली. बॉनेट उघडल्यावर ती जुडी बघितली. बाहेरून काही कळत नव्हतं. वरचं कापड सोललं तेव्हा आत दोन तारांची कातडी वितळून एकजीव झाली होती, नखाएवढ्या जागेत; पहिली जीभ खोटं बोलली ती इथे. इवाओसान ती बोटांवर घेऊन बघत बसले. आम्ही त्या हिवाळ्यात दुसऱ्या कुणाचीही गाडी कामाला घेतली नाही. लोकांना आम्ही खरं कारण सांगितलं. काही जण तेव्हापासून आलेच नाहीत. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मी दोनदा सेन्सेईंच्या घरी गेले. दोन्ही वेळा दाराशी आजी आल्या, एकदा हात गळ्यातल्या झोळीत होता, एकदा नव्हता. बस म्हणाल्या नाहीत. मी दारातूनच वाकून नमस्कार करून परत आले.

फेब्रुवारीच्या शेवटी सेन्सेई स्वतः गॅरेजवर आले. मनगट वाकडं बसलं होतं. त्यांनी जळकी तार मागितली, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितली.

"एवढीशी," ते म्हणाले. मग विचारलं, "नीट होईल?"

"जुनं इंजिन परत बसवू," इवाओसान म्हणाले. "तेच करायला हवं."

"ते मी विचारलं नाही. हेच नीट होईल का?"

इवाओसाननी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "होईल."

"मग करा. मला त्या गाडीला घाबरून मरायचं नाहीये. आणि पहिल्यांदा खिंडीपर्यंत जाताना तू शेजारी बसशील."

सहा आठवडे लागले. जुडी दुसऱ्या बाजूने नेण्यासाठी इवाओसाननी केबिनची पुढची भिंत कापून नव्याने बांधली. मी फाइलीतली एकेक ओळ मोठ्याने वाचायची, ते समोर बसून कागदावर खूण करायचे. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ते ऐकायचे. पुन्हा तपासणी झाली. सेन्सेईंना मी अंगणात बटण तीन सेकंद दाबून धरायला लावलं, वीस वेळा, आणि ते एकदाही कंटाळले नाहीत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. मार्चमध्ये डोंगरांवरचं जुनं गवत जाळून झालं होतं, काळ्या उतारांवर पोपटी कोंब फुटत होते. छप्पर उघडं होतं. गाडी चढ असा काढत होती, जणू तो चढच नव्हता. एका दुधाच्या ट्रकला आम्ही मागे टाकलं, आणि सेन्सेईंनी हॉर्न वाजवला नाही.

मला वाटलं होतं, मी धीराने बसेन. मी बनवलेली गाडी, मी तपासलेली. पण प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय जमिनीला रेटत होता. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता, आणि आजी इथेच बसल्या होत्या, याच सीटवर, फोन कानाला लावून, कुणीतरी ओरडत होतं ते समजून घेत. त्यांना किती सेकंद मिळाले असतील? चार? पाच? इंजिनाचा आवाज थोडा जरी वर गेला, की मी दाराची कड घट्ट धरत होते. सेन्सेईंच्या कपाळावरही घाम होता. गार वारा असून. मी तो बघितला आणि त्यांनी मला बघताना बघितलं.

"अजून भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"वाटते."

"मलाही."

खिंडीत त्यांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाचं टिक, टिक ऐकू येत होतं. ते उतरले, दुखऱ्या पायावर थोडे थांबले, मागची पिशवी घेतली. "त्या पलीकडच्या कुरणात एक कालवड लंगडतेय म्हणे. अर्धा तास लागेल," ते म्हणाले, आणि लंगडतच तारेच्या कुंपणाकडे निघाले.

मला उतरून चहा घ्यायला जायचं होतं. पण मी पट्टाही सोडला नाही. मी बसून राहिले आणि बॉनेटखालची ती टिकटिक थांबण्याची वाट बघत होते.